चिऱ्याचा सदरा

गोव्यात घर बांधायचं ठरलं की लोखंड-सिमेंटच्या आधी चौकशी होते ती चिऱ्यांची. कुठल्या खाणीचे, रंग तांबडा की पिवळट, कोपरे शाबूत आहेत की ट्रकमध्येच झडले. ट्रक दारात लागला की घरातलं जाणतं माणूस बाहेर येतं, दोन-चार चिरे उलटेपालटे करून बघतं, एखाद्यावर दुसरा आपटून आवाज ऐकतं आणि तोंड वाकडं करतं. माल चांगला असला तरी तोंड वाकडंच करायचं असतं, नाहीतर भाव उतरत नाही. मग भिंती उभ्या राहतात, गिलावा होतो, रंग चढतो. एवढी पारख करून आणलेला दगड पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही.

महाराष्ट्रात याला जांभा म्हणतात. मूळ खडक ऊन-पावसात कुजत जातो, पाणी त्यातली सिलिका धुऊन नेतं, आणि मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून तो असा तांबडा, भोकाभोकांचा. एका अर्थी तो गंजच, पण ज्यावर तीन मजले चढवता येतात असा. खाणीत असताना तो ओला आणि मऊ असतो. पूर्वी कामगार हाताच्या हत्याराने तो कापून काढत आणि तासत, आता चक्री फिरते आणि दिवसभर तांबडी धूळ उडते. बाहेर काढून वाऱ्यावर ठेवला की तो घट्ट होत जातो. बाकीचे दगड हवेत झिजतात. हा आधी कमावतो आणि मग झिजतो.

त्याचा दुसरा गुण म्हणजे पाणी पिणं. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा आमचे सडे, म्हणजे चिऱ्याची उघडी पठारं, गिळून टाकतात. वरून बघावं तर सडा उजाड, काळपट, मे महिन्यात पाय भाजेल असा. पावसात मात्र त्यावर बोटभर उंचीची फुलं येतात, आणि पायथ्याला झर फुटते ती पाऊस संपून महिने झाले तरी वाहत राहते. त्या झरीवर खालच्या वाड्याची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, जगतात. सड्याला ‘पडीक जमीन’ म्हणणाऱ्या माणसाला पायथ्याच्या एखाद्या सुपारीच्या बागेत एप्रिलमध्ये तासभर बसवून ठेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण जो गुण सड्याला शोभतो तो भिंतीला परवडत नाही. पाणी पिणारी भिंत जुलैत आतून घाम गाळायला लागते, कपाटातल्या साड्यांना वास येतो. यावर जुन्या लोकांनी शोधलेला उपाय साधा होता: चिऱ्याला सदरा घालायचा. शिंपले भाजून चुना करायचा, त्याचा गिलावा द्यायचा आणि पावसाळा सरला की वरून पुन्हा चुन्याचा हात फिरवायचा. पश्चिमेकडून झड येते त्या भिंतीला तर पावसाळ्यापुरती माडाच्या चुडतांची झापं बांधत, म्हणजे सदऱ्यावर रेनकोट. घर असो, देऊळ असो की इगर्ज (चर्च), आत चिरा आणि बाहेर चुना हीच रीत. अंगणातलं तुळशीवृंदावन आणि बाल्कांवातले, म्हणजे दारापुढच्या पडवीतले, बसायचे सोपेसुद्धा याच पद्धतीचे.

आणि नक्षी? ती चिऱ्यावर धड होत नाही. छिन्नी लावली की भोकाची कड ढासळते, देवाचं नाक करायला जावं तर नाकपुडी आधीच तयार. म्हणून कोरीवकाम करायचं झालं की गोव्याने नेहमी बाहेरच्या दगडाकडे बघितलं. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं. हा दगड घाटावरून आणला असं सांगतात. त्या रानात त्या काळी तो कसा उतरवला असेल याचा विचार करत मी तिथल्या खांबाच्या तळाशी कोरलेला, घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती बघत बसतो. जुन्या गोव्यात बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागाला कोरीव कामासाठी बसाल्ट आला तो वसईहून. आत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी तर थेट फ्लॉरेन्सची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने ती भेट दिली, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने घडवली आणि 1698 मध्ये ती इथे बसवली. रंगीत संगमरवर, जास्पर, असा सगळा थाट. हे सगळे पाहुणे दिवाणखान्यात, आणि त्यांना तोलून धरणारा चिरा भिंतीच्या आत.

बासिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली तेव्हा तिच्याही अंगावर चुन्याचा गिलावा होता. आज पर्यटक ज्या तांबूस, उघड्या भिंतींसमोर फोटो काढतात तो तिचा मूळ वेश नव्हे. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांनी तो गिलावा उतरवला. इमारत जुनी दिसावी म्हणून! साडेतीनशे वर्षांच्या इमारतीला जुनं दिसण्यासाठी मदत लागावी, हे मला अजून पचलेलं नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात ती भिंत थोडी थोडी धुपते आहे. पुन्हा गिलावा द्यावा असं जाणकार सांगतात, तर लोकांना वाटतं आमची बासिलिका लालच हवी. दोन पिढ्यांनी तिला लालच पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यांचाही दोष म्हणवत नाही. पण चुन्याची बासिलिका बघायची माझी तरी तयारी आहे.

सदरा गेल्यावर काय होतं हे पाहायला लांब जायला नको. तिथून थोडं चढून गेलं की सेंट ऑगस्टिनचा मनोरा लागतो, 46 मीटर उंच बांधलेला. 1835 मध्ये मठ ओस पडला, डागडुजी थांबली, पुढे छत कोसळलं, आणि 1931 मध्ये दर्शनी भागासकट अर्धा मनोरा खाली आला. उरलेला अर्धा आकाशात उभा आहे. उलट उदाहरण नार्व्याचं. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधवलं आणि अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला. तेही चिऱ्याचंच, पण वरचा गिलावा सांभाळलेला, त्यामुळे आत कुठला दगड आहे हे विचारायची वेळ भाविकावर येत नाही.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर उसगाळीमळला जमिनीसपाट चिऱ्याच्या कातळावर कुणीतरी बैल, माणसं, मोर, गोल गोल फिरत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र असं बरंच काही कोरून ठेवलं आहे. 1993 मध्ये ते अभ्यासकांपुढे आलं. ते किती हजार वर्षांपूर्वीचं यावर तज्ज्ञांनी भांडावं. मला कौतुक आहे ते कोरणाऱ्याचं. त्याने चिऱ्याचा स्वभाव ओळखला आणि नाजूक काही करायच्या फंदात तो पडला नाही. खोल, जाड, सरळ रेघ ओढली. वसईच्या दगडाची वाट न पाहता पायाखाली होता त्याच कातळावर काम उरकलं.

हल्ली चिऱ्याला बरे दिवस आलेत. व्हिला बांधणाऱ्यांना ‘अस्सल गोवन’ भिंत लागते, म्हणजे गिलाव्याशिवायची. आता तर चिऱ्याच्या इंचभर जाडीच्या कापट्या मिळतात. भिंत सिमेंटच्या ब्लॉकची असते आणि वरून चिरा चिकटवतात. चारशे वर्षं सदरा घालून राहिलेला दगड आता स्वतःच सदरा झाला! आमच्या शेजारच्या भाऊंनी हौसेने गेल्या मे महिन्यात बाल्कांवाला अशा कापट्या लावून घेतल्या. मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं, “पात्रांव, हो चिरो पावसाक उक्तो दवरूंक नजो.” म्हणजे, मालक, हा चिरा पावसात उघडा ठेवू नये. भाऊंनी वरून महागातलं पारदर्शक कोटिंग मारून घेतलं आणि निश्चिंत झाले. श्रावणापर्यंत भिंत हिरवी झाली होती, गणपतीला आलेले पाहुणे तिला टेकायचं टाळत होते. दिवाळीआधी तोच मिस्त्री पुन्हा आला. कापट्या काढायच्या की त्यांच्यावरूनच गिलावा द्यायचा, यावर भाऊ आणि वहिनी यांचं अजून एकमत व्हायचं आहे.