तुम्ही विचारलंत म्हणून: परवानगी दिलीत कशी?

लग्नात विचारतात, बारशात विचारतात, परवा तर लॅबमध्ये रक्त द्यायला रांगेत बसले होते तिथेही शेजारच्या बाईंनी विचारलं. सुरुवात ठरलेली असते. "मुलगा काय करतो?" मी म्हणते, "भिक्खू आहे." बाई जरा गप्प होतात. मग, "एकुलता एक का हो?" मुलगी आहे, पण मुलगा एकच. आणि मग येतोच तो प्रश्न: "तुम्ही परवानगी दिलीत कशी?"

विचारणारीला कल्पना नसते, पण प्रश्न अगदी नियमाला धरून असतो. आईबापाच्या परवानगीवाचून भिक्खूसंघ कुणाला घेत नाही. हा नियम करून घेतला तो बुद्धाच्या वडिलांनी, शुद्धोदनाने. आधी मुलगा गेला, मग तोच बुद्ध होऊन कपिलवस्तूला आला तेव्हा धाकटा नंद गेला आणि नातू राहुलही गेला. तेव्हा म्हातारा जाऊन म्हणाला, पुत्रप्रेम कातडी कापतं, मांस कापतं, हाड कापून मज्जेपर्यंत जातं. यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कुणाचं पोर घेऊ नका. बुद्धाने ते मान्य केलं. शुद्धोदनाच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही, पण अडीच हजार वर्षांनी दापोडीत ते माझ्या कामी आलं. दोन वर्षं मी त्या नियमाला धरून बसले होते.

उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या दीक्षेच्या वेळी उमेदवाराला संघासमोर पालीत प्रश्न विचारतात. कोड आहे का, अपस्मार आहे का. माणूस आहेस ना? (एकदा एक नाग माणसाच्या रूपात येऊन भिक्खू झाला होता म्हणे, तेव्हापासून हे विचारतात.) राजाच्या नोकरीत नाहीस ना? वीस वर्षं पूर्ण आहेत का? पात्र-चीवर, म्हणजे भिक्षेचं भांडं आणि भिक्खूचं वस्त्र, आहे का? त्यातच दोन प्रश्न असे: ‘अणणोसि?’ म्हणजे कर्ज नाही ना? आणि ‘अनुञ्ञातोसि मातापितूहि?’ म्हणजे आईवडिलांची परवानगी आहे ना? उत्तर द्यायचं, ‘आम, भन्ते’, म्हणजे होय, भन्ते.

आमच्याकडे याच दोन गोष्टी अडल्या होत्या. हिंजवडीत नोकरी लागल्यावर त्याने पुनावळ्याला टू बीएचके बुक केला होता. २०१७ साली एका रविवारी, चहा पिता पिता, त्याने मला भिक्खू व्हायचं असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, आधी हप्ते फेड. मला वाटलं, वीस वर्षांची निश्चिंती झाली. त्याने फ्लॅटच विकला. बँकेचं नो ड्यूज सर्टिफिकेट आलं, ते फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं. बोलला काही नाही. आता एकच कागद बाकी होता आणि तो माझ्याकडे होता.

बुद्धाच्या काळात रट्ठपाल नावाच्या तरुणाने आईबाप ऐकेनात म्हणून अन्न सोडलं होतं, जमिनीवर पडून राहिला होता. मला तीच धास्ती. आमचा मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवायचा, वर भाजी परत मागून घ्यायचा. अशा मुलाशी भांडायचं तरी कसं?

यांचं म्हणणं वेगळं होतं. बाबासाहेबांनीच विचारून ठेवलंय की भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण माणूस व्हायला की समाजाची सेवा करायला? हे म्हणायचे, परिपूर्ण व्हायला घर सोडावं लागत नाही आणि सेवा करायला नोकरी सोडावी लागत नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "पप्पा, मराठवाड्यात गावोगाव विहार बांधलेत. उघडतात ते पौर्णिमेला. आत राहायला कुणी नाही." यावर हे पेपर वाचायला लागले. आमच्या घरात याला संमती म्हणतात.

माझं तसं नव्हतं. लोकांना वाटतं, सून, नातवंडं, म्हातारपणाचा आधार यावर मी अडले असेन. अडले होतेच, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप उडायची ती पात्रामुळे.

माझ्या सासूबाई पुरंदर तालुक्यातल्या. लहानपणी आईचा पदर धरून गावात भाकर मागायला जायच्या. महारकीच्या कामाचा मोबदलाच तो. दारापासून लांब उभं राहायचं, हाळी द्यायची, पाटी खाली ठेवायची. वरून भाकर टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. कधी शिळी, कधी उष्टी. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, ही असली भाकर सोडा. सगळीकडे लगेच सुटली नाही. सासूबाई लग्न होऊन देहूरोडला आल्या तेव्हा त्यांची सुटली. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथे बसवली, त्या गर्दीत त्या होत्या. अठरा वर्षांची नवी नवरी. पुढचं काही दिसलं नाही, नुसता आवाज ऐकला, असं सांगायच्या. आणि त्यांचा नातू, इंजिनिअर, आता भांडं घेऊन दारोदार उभा राहणार! तीन पिढ्यांनी जे हातातून टाकलं ते हा हौसेने उचलायला निघाला होता. मी हे त्याला तोंडावर बोलले. तो म्हणाला, "मागायचं नसतं आई. नुसतं उभं राहायचं." मला त्यात काडीचा फरक दिसला नाही.

मे महिन्यात दहा दिवसांचं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खूंचं, शिबिर होतं, त्याला तो गेला. तेवढ्याला माझी ना नव्हती. शिबिराला पुष्कळ मुलं जातात, मुंडण होतं, चीवर मिळतं, दहाव्या दिवशी जीन्स घालून परत येतात. पाचव्या दिवशी भोजनदान आमच्या गल्लीचं होतं. सासूबाई हट्टाने आल्या, मी खुर्ची घेऊन मागे. सकाळी दहाचं ऊन. मुलं अनवाणी, रांगेत, नजर खाली. आमचा सातवा. डोक्यावर वस्तऱ्याचा एक बारीक काप होता, त्यावर हळद लावलेली. गल्लीतल्या बायका चपला काढून पुढे होत होत्या, दोन्ही हातांनी पोळी, भात, केळं पात्रात ठेवत होत्या आणि हात जोडून मागे सरकत होत्या. सासूबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आमाला वरनं टाकायचे गं. हितं वाडणारीच वाकतीय." आणि खुर्चीतून उठून स्वतः गेल्या. भाकरी घरून करून आणली होती, पिशवीत, आम्हाला कुणाला न सांगता.

त्या रात्री भांडी घासता घासता मी यांना म्हटलं, देऊन टाकू. एवढंच. तुम्हाला काही मोठं ऐकायचं असेल तर माझ्याकडे नाही.

पुढचं भराभर झालं. सासूबाई त्याच पावसाळ्यात गेल्या. वर्षभराने बुद्धगयेला उपसंपदा झाली. त्याचं आम्ही ठेवलेलं नाव आता आधार कार्डावर उरलंय. पहिल्यांदा घरी आला तेव्हा यांनी आधी वंदन केलं, तीन वेळा, गुडघे टेकून, कपाळ फरशीला लावून. मग मी. चारचौघांत मी त्याला ‘भन्ते, तुम्ही’ म्हणते. स्वयंपाकघरात तोंडातून ‘तू’च येतं आणि तो ते ऐकून घेतो.

त्याच भेटीत सकाळी मी आत पोहे करत होते, तो बाहेर बसला होता. टेबलावर केळ्यांची फणी. अर्ध्या तासाने बाहेर आले तर फणी तशीच. "खायचंस ना एखादं," म्हटलं. तर पाणी सोडून काहीही कुणीतरी हातात दिल्याशिवाय खायचं नाही, असा नियम. बारानंतर जेवण नाही, हे मला माहीत होतं. हे नव्हतं. ज्याने फ्रिज उघडा ठेवून उभ्या उभ्या दूध प्यायलं म्हणून मी वीस वर्षं ओरडले, तो केळ्यांसमोर उपाशी बसून होता. मी फणी दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरली. त्याने ती धरली तेव्हा आमची बोटं एकमेकांना लागली नाहीत. मला वाटलं, सहज झालं.

ते सहज नव्हतं, हे कळलं गेल्या ऑगस्टमध्ये. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूने एका जागी राहायचं. पण आई किंवा वडील आजारी असतील तर सात दिवसांसाठी जाता येतं. भावाबहिणीसाठी निरोप यावा लागतो, आईबापासाठी निरोप नसला तरी चालतं. मी तर मुलीला बजावलं होतं, त्याला कळवू नकोस. यांनी कळवलं. चौथ्या दिवशी तो दारात हजर, बरोबर एक उपासक, कारण तिकिटाचे पैसेही हा हातात घेत नाही.

घरी आल्यावर फिजिओथेरपीवाली मुलगी आली. त्याला म्हणाली, "दादा, आईंना काखेत धरून जरा उठवा." तो जागचा हलला नाही. तिने परत सांगितलं. मग तो खाली बसला आणि वॉकरचे पुढचे दोन्ही पाय हातांनी फरशीवर घट्ट दाबून धरले. मला उठवलं माझ्या मुलीने. मी उभी राहिले, माझे हात वॉकरच्या दांडीवर, त्याचे वीतभर खाली, नखं पांढरी पडलेली. दुखत होतं, राग आला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा विटाळ होतो का रे तुला?"

हा शब्द आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता. फिजिओवाली मुलगी मोबाईल बघायला लागली.

तो म्हणाला, "नियम माझ्या मायेला आहे आई, तुझ्या हाताला नाही." वाक्य चांगलं होतं. माझा गुडघा दुखत होता. संध्याकाळी त्याने समजावून सांगितलं की भिक्खूने बाईला हात लावायचा नाही, अगदी आई नदीत वाहून जात असली तरी भिक्खूने दोर टाकावा, फळी पुढे करावी, हात नाही. मी म्हटलं, पवनेला पूर आला की बघू. तो हसला, मी नाही हसले.

तर परवानगी कशी दिली, ते सांगितलं. आज पुन्हा मागितली तर देईन का? देईन. पण पात्राचं मी दोन वर्षं भांडले आणि हाताचं विचारायचंच राहून गेलं. ज्या बायका मला विचारतात त्यांच्यातल्या एखादीचा मुलगा खरंच त्या वाटेवर असतो, ते तिच्या आवाजावरून ओळखू येतं. तिला मी हे आधी सांगते.

सातव्या दिवशी सकाळी मी खुर्चीत होते, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती, आणि तो समोर सतरंजीवर. आपण खाली बसून उंचावर बसलेल्याला भिक्खूने धम्म सांगू नये, असाही नियम आहे. पण आजाऱ्याला सूट आहे, तो म्हणाला, काही सांगू का? मी म्हटलं, उपदेश नको. तिकडे पाऊस कसा आहे ते सांग.

तो सांगत बसला. जूनमध्ये दोनदा पेरणी वाया गेली, विहारामागच्या बोअरला आता कुठे पाणी लागलंय, रात्री पत्र्यावर असा आवाज होतो की वंदना मोठ्याने म्हणावी लागते. अकरा वाजून गेले तशी मुलीने आत पोळ्या टाकायला घेतल्या.