तीन दिवस आणि दोन गावं

शनिवार, रात्रीचे अकरा

आई झोपली. निवडलेली मेथी फडक्यात गुंडाळून ठेवली आहे, आणि मी अजून लॅपटॉपवर दोन तिकिटं उघडून बसले आहे. एक बोस्टनचं, एक फिलाडेल्फियाचं. शिकागोहून दोन्हीकडे विमानाने दोन-अडीच तास. सुट्टी तीन दिवसांची, आणि पुढच्या महिन्यात आई कल्याणला परत जाणार. म्हणजे यंदा एकच गाव.

माझा जीव बोस्टनमध्ये अडकलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाला गेले होते, तेव्हा संध्याकाळी फुटपाथवरची लाल विटांची रेघ धरून चालत सुटले होते. बोस्टन कॉमनपासून निघालेली ती वाट चार किलोमीटरांत सोळा ठिकाणं दाखवत नदीपलीकडे बंकर हिल या जुन्या रणभूमीपर्यंत जाते. जुन्या स्टेट हाउससमोर रहदारीच्या मधोमध दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली, त्याची ती खूण. बाजूने माणसं कॉफीचे कप घेऊन घाईने जात होती, आणि मला तिथून पाय उचलवेना. लेकीलाही बोस्टनच हवं. ती आठवीत आहे. १७७३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या चहावरच्या कराविरुद्ध तिथल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकल्या, ते सगळं तिचं तोंडपाठ आहे.

बोस्टनचं आणि आपलं एक जुनं नातंही आहे. १८३३ मध्ये तिथल्या फ्रेडरिक ट्यूडरने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त ओलांडून, आणि तरीही बराचसा बर्फ शाबूत पोचला. पुढे मुंबईलाही तो यायला लागला. आईला हे सांगितलं तर मेथीची काडी हातात तशीच धरून म्हणाली, "अगं, इथे डोंबिवलीहून कुल्फी आणेपर्यंत पाणी होतं."

अडचण आईच्या गुडघ्याची. ती ते बोलून दाखवत नाही, पण आमचा जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी होते आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. बंकर हिलच्या स्मारकाला २९४ पायऱ्या आहेत. त्या नाही चढलो तरी बिघडत नाही, पण त्या विटांच्या वाटेवर चढउतार आहेत आणि तिला मध्येच कुठे बसवून आम्ही पुढे जायचं, हे मला नको आहे. फिलाडेल्फियात इंडिपेंडन्स हॉल आणि लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा समोरासमोर आहेत, मध्ये फक्त रस्ता.

हा सगळा हिशेब मी जेवणाच्या टेबलावर मांडत होते. आई तिसरी जुडी सोडत होती. मध्येच म्हणाली, "आनंदीबाई यातल्या कुठल्या गावी शिकल्या गं?"

मी गप्पच झाले. आईने कल्याणच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. आनंदीबाई जोशी मूळ कल्याणच्या, हे तिने दरवर्षी नव्या वर्गाला सांगितलं. आणि मी अमेरिकेत राहून, दोन गावांची तुलना करताना, हे एकदाही मनात आणलं नव्हतं.

"फिलाडेल्फियाला. पण आई, ते कॉलेज १९३० मध्येच दुसरीकडे हललं. जुनी इमारत आता नाही. बघायला काही नाही."

"रस्ता असेल की."

रस्ता आहे, नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई इकडे आल्या, आणि ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली तयारी अपुरी आहे हे कबूल केलं, आणि आप्तांचा नि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धारच आपल्याला पुढे नेईल असंही ठामपणे लिहिलं. कॉलेजची जुनी कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठात आहेत. साडीतल्या आनंदीबाई आणि शेजारी जपानच्या, सीरियाच्या दोन विद्यार्थिनी, असा १८८५ चा तो फोटो मी आईला स्क्रीनवर मोठा करून दाखवला. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पदवीनंतर वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविशीही पुरी झाली नव्हती.

मी बोस्टनसाठी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला दहा वर्षं पैसे पुरवणारी संस्था बोस्टनलाच १८८७ मध्ये उभी राहिली. आई म्हणाली, "खरं आहे. पण त्या आधी आनंदीबाईंच्या पदवीदानाला आल्या, तो समारंभ फिलाडेल्फियातच ना?" शिक्षिकेशी कुणी वाद घालावा!

लेकीला समजावायला वेळ लागला. चहाच्या पेट्यांपुढे तिला घंटा फिकी वाटत होती. मग मी तिला ओनी जजबद्दल सांगितलं. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियात राहत, आणि त्यांच्या घरात नऊ गुलाम होते. त्यांतली ओनी जज १७९६ मध्ये, घरची मंडळी जेवत असताना, घरातून निघून गेली आणि पुन्हा त्यांच्या हाती लागली नाही. त्या घराची जागा घंटेला लागूनच आहे. पलीकडच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये सगळी माणसं समान जन्मतात असं जाहीर झाल्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे आधी जाऊ."

आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला आहेत, त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. तेवढं लांब या खेपेला जमणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती गुडघा विसरून निघेल.

फिलाडेल्फियाची तीन तिकिटं काढली. झोपायला जाण्याआधी आई दारात थांबली होती.

"ऑक्टोबरात तिकडे थंडी असेल का गं? आनंदीबाईंना फार त्रास व्हायचा थंडीचा."

मग कपाटातून शाल काढून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकली. निघायला अजून बारा दिवस आहेत.