असा परिवार आहे

मेथी निवडायला कालचा पेपर पसरला की नेमकं निधनवार्तांचंच पान वर येतं. दुपारचे तीन, घरात सामसूम, मुळं एकीकडे, पानं एकीकडे, आणि मधोमध कोट-टोपीतले कुणी आजोबा टक लावून बघताहेत. वय ८४. वृद्धापकाळाने निधन. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन सुना, चार विवाहित मुली, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.' ना गाव ओळखीचं, ना आडनाव. तरी वाक्य संपेपर्यंत पुढची काडी उचलवत नाही.

दोन मुलगे आणि तीन सुना. छपाईची चूक म्हणून पुन्हा वाचावं, तर चूक नाही. एक मुलगा बापाच्या आधीच गेलेला असणार. त्याचं नाव बातमीत कुठे नाही, पण त्याची बायको सुनांच्या आकड्यात आहे. लिहिणाऱ्याला असलं काही सुचवायचं नव्हतं. त्याने फक्त माणसं मोजली.

मोजतो तरी कोण? बातमीदार नव्हे. घरातलं रडणं ओसरायच्या आत, बाहेर ओट्यावर, मोबाइलवर भराभर मराठी टाइप करता येणारा एखादा पुतण्या नाहीतर जावई हे काम अंगावर घेतो. बांबू, सुतळी, मडकं, गवऱ्या आणायला बाकीचे पांगलेले असतात. लागतं ते एवढंच: पूर्ण नाव, वय, कधी गेले, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता, मागे कोण, आणि शेवटी 'अमुक संस्थेचे संचालक तमुक यांचे ते वडील होत'. यातली शेवटची ओळ घातकी. ती गाव ज्याला ओळखतं त्या मुलाच्या वाट्याला जाते. घरी राहून शेती बघणारा, शेवटचे आठ महिने बापाचं सगळं अंथरुणात करणारा दुसरा मुलगा 'दोन मुलगे' या दोन शब्दांतच संपतो. त्याच्या बायकोने ते कात्रण जपून ठेवलेलं असतं. योग्य वेळी ते बाहेर येतं.

वयाचा घोळ त्यामानाने निरुपद्रवी. आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून असली तर ती शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली, म्हणजे खऱ्या वयात दोन-चार वर्षं इकडेतिकडे. रात्री उशिरा गेलेल्या माणसाची बातमी परवाच्या अंकात येते, तोवर अंत्यविधी उरकलेला. मग अंत्यविधीऐवजी रक्षाविसर्जनाची वेळ द्यायची, नाहीतर लांबची माणसं पेपर वाचून स्मशानाकडे निघतात. आणि माणसं मोजता मोजता दमलेला पुतण्या शेवटी 'असा मोठा परिवार आहे' लिहून मोकळा होतो. वगळलं गेलेलं प्रत्येक जण त्या 'मोठा'मध्ये बसतं, पण रुसायचं ते रुसतंच.

'पश्चात' हा शब्दही एरवी दोनच ठिकाणी भेटतो. इथे, आणि म्हातारी माणसं चिडली की: 'माझ्या पश्चात काय गोंधळ घालायचा तो घाला.'

फोटोचं दुखणं वेगळं. एकट्याचा चांगला फोटो बहुतेकांचा नसतोच. असतो तो नातीच्या लग्नात रांगेत उभं करून काढलेला, त्यातून माणूस कापून काढायचा. स्टुडिओतला मुलगा मागचा मांडव पुसून निळं आभाळ घालतो, टोपीची कड सरळ करतो, सदऱ्यावर कोटही चढवून देतो. खांद्यावरचा हात मात्र राहतो. चार बोटं आणि एक अंगठी. पुसायला गेलं तर खांदाच खचतो, म्हणून ती बोटं तशीच ठेवतात. तसबीर दारावर चढते, तिला लाकडाच्या पातळ सालींचा हार पडतो (त्याला चंदनाचा म्हणायची पद्धत आहे), आणि बोटं कुणाची हे एका पिढीपुरतं सगळ्यांना ठाऊक असतं. फ्लेक्ससाठी फोटो पाठवणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन पोचतो, सहा बाय चार फुटांवर ताणला की चेहऱ्याचे चौकोन होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

पेपर तारखेवर चालतो, पितर तिथीवर. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते. दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत तिथी टिपून ठेवायचं कुणाला सुचत नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं की जुनं कालनिर्णय शोधलं जातं, आणि ते रद्दीत गेलेलं असतं. मिळालं तरी त्या दिवसाच्या चौकोनात दिसते ती सूर्योदयाची तिथी. ती संध्याकाळी सातला संपली असेल आणि माणूस रात्री साडेअकराला गेला असेल, तर त्याची तिथी पुढची. तिथी संपायची वेळ तिथेच बारीक अक्षरात छापलेली असते, ती बघायची. म्हणूनच गेल्याची वेळ त्याच दिवशी लिहून ठेवणं बरं. पुढे प्रत्येक भावाची वेळ निराळी निघते. कशाचाच पत्ता लागला नाही तर भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या आहे. त्याच पंधरवड्यात सवाष्ण गेलेल्यांना नवमी, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांना चतुर्दशी, संन्याशांना द्वादशी. नव्याने गेलेल्यांना भरणी. गेल्यावरही रांगा आहेतच.

तर्पणाची यादी ही चीज खरी बघण्यासारखी. पंचांगात घडी घालून ठेवलेला, आडव्या रेघांच्या वहीतून फाडलेला कागद. नवरा अपसव्य करून, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेऊन, ताम्हणापुढे बसलेला. उजव्या हातात दर्भ आणि काळे तीळ. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं. त्याचे हात ओले, चष्मा देवघरात राहिलेला, म्हणून यादी धरून बायको वाचते. आधी वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. मग आईकडचे तिघे, सपत्नीक. नंतर काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, पार खाली सासरे, गुरू, आप्त. म्हणजे ती बिचारी आधी सगळ्या सासरच्यांना पाणी मिळवून देते, तेव्हा कुठे तिच्या वडिलांचं नाव येतं.

ही यादी जेल पेनाने लिहू नये. तर्पणाचे शिंतोडे उडतात, शाई फुटते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पणजोबांच्या जागी निळा डाग उरतो. साधं बॉलपेन, नाहीतर सरळ पेन्सिल. नाव, गोत्र, नातं, तिथी असे चार रकाने. आणि बायकांची दोन्ही नावं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरच्या यादीत द्वारका असलेली आत्या सासरच्या यादीत सुशीला होते. त्याहून मोठी पंचाईत हाका मारायच्या नावांची. उभा जन्म जिला सगळ्यांनी जिजी म्हटलं, तिचं नाव काय होतं हे गुरुजींनी विचारल्यावर माजघरापर्यंत शांतता पसरते. पुरुष तीन पिढ्या धडाधड सांगतात. पणजीपाशी येऊन अडतात.

शास्त्रकारांनी हेही धरलेलं आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा. नावच माहीत नसेल तर वडिलांना पृथिवीषद्, आजोबांना अंतरिक्षसद्, पणजोबांना दिविषद् म्हणा: जमिनीवर असलेले, मधल्या पोकळीत असलेले, आकाशात असलेले. नाव हरवलं तर निदान पत्ता तरी द्यावा, तसं.

आणखी एक गंमत त्यात आहे. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. बाराव्या दिवशी सपिंडीकरणात नव्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून ते तिन्ही जुन्या पिंडांत मिसळतात. प्रत्येकाला एक पायरी बढती मिळते, आणि वरच्या टोकाचा खापरपणजोबा यादीबाहेर पडतो. अगदी उपाशी नाही. पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भांच्या मुळाशी पुसतात, तो चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीचा. त्यांना लेपभागी म्हणतात, लेपाचे वाटेकरी. घरात म्हाळ असताना एखादं आगाऊ कार्टं कढईच्या कडेची खीर बोटाने पुसून खात असतं, तेव्हा त्याला रागवावं की नाही असा प्रश्न पडतो.

तिसरी यादी तलाठ्याकडे. तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण हाक अजून जुन्याच नावाने. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-वयं-नाती-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं. चौकशी होते, मंडळ अधिकारी वारस ठरवतो, मग फेरफार, नोटिशीचे पंधरा दिवस, आणि हरकत नसली तर सातबाऱ्यावर नावं. अडतं ते इथेही नावावरच. सातबाऱ्यावर गंगूबाई, आधारवर गंगाबाई, दाखल्यावर गंगुबाई: मग या तिन्ही एकच बाई होत्या असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. कित्येक सातबारे दोन-दोन पिढ्या मेलेल्या माणसांच्याच नावावर राहिले. १ एप्रिल २०२५ पासून सरकारने त्यासाठी राज्यभर मोहीम काढली. नाव ठेवलं 'जिवंत सातबारा'. मयतांची नावं कमी करण्याच्या मोहिमेला हे नाव सुचलेल्याचं कौतुक केलं पाहिजे.

आता मेथीच्या पानांखालचं ते वाक्य या नोंदवहीत घालून बघा. आजोबांचा वाटा वारसा कायद्याने उतरतो तो आधी पहिल्या वर्गाच्या वारसांकडे. जावई गळाले. दोन सुना गळाल्या. जिवंत मुलामुलींची नातवंडं-पतवंडं गळाली. राहिली पत्नी, दोन मुलगे, चार मुली. आणि तीन सुनांपैकी एकच, जिचा नवरा आधी गेला ती, तिच्या मुलांसह. पेपरात जिचा नुसता आकडा होता तिचं इथे नाव, वय, पत्ता लागतो. ते लिहायचं राहिलं, तर सहसा विसरल्यामुळे राहिलेलं नसतं.

चार विवाहित मुलींचंही तसंच. बातमीत त्या असतात, दहाव्याला त्यांचीच रड सगळ्यात खरी असते, आणि सहा महिन्यांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर त्यांचे अंगठे-सह्या होतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलाच्या बरोबरीला आणलं. तरी 'दिवाळीला यायचं-जायचं राहायला हवं ना' हे एक वाक्य दोन्ही दुरुस्त्यांना पुरून उरतं.

आणि यादीत सगळ्यात आधी आलेली 'पत्नी'? तिच्या नावामागचं सौ. त्याच दिवशी जातं. पुढच्या लग्नपत्रिकेत ती गं. भा. होऊन येते, नाहीतर येतच नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तेच करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं अशी चर्चा सरकारदरबारी निघाली, त्यावर टीकेची झोड उठली, आणि असा काही निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. बाईला काय म्हणावं हे तिचा नवरा गेल्यावर इतक्या लोकांना का सुचतं कोण जाणे. नुसतं नाव आहे की तिला.

मेथी होत आली. पानाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक बातमी आहे, तीन ओळींची, फोटो नाही. अविवाहित बाई, निवृत्त शिक्षिका. 'त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, भाचे असा परिवार आहे.' अशांची सोय तर्पणाच्या अगदी शेवटी असते. आपल्या कुळात जे निपुत्रिक गेले, त्यांच्यासाठी ओल्या वस्त्राचं टोक जमिनीवर पिळायचं. मंत्रात शब्दच आहे, वस्त्रनिष्पीडनोदक. ताम्हणातलं नाही, तीळ नाहीत, कापडातून निघेल तेवढं पाणी. हल्लीच्या टेरिकॉटच्या उपरण्यातून थेंबही निघत नाही, म्हणून एक सुती पंचा आधीच भिजवून पाटाशेजारी ठेवावा. यादीत या माणसांचा रकाना नसतो, त्यामुळे वाचणारी तेव्हा कागदाची घडी घालत असते. आत वड्यांचं तेल तापलेलं असतं. पंचा पिळून व्हायच्या आत तिकडून विचारणा होते, झालं का तुमचं, घाणा सोडू का?