एंडोस्कोपचा हवा-पाण्याचा व्हॉल्व्ह आणि त्याचं पेटंट परीक्षण: माझा अनुभव

पोटाची किंवा आतड्याची दुर्बिणीने (एंडोस्कोपने) तपासणी करताना डॉक्टरांच्या डाव्या हाताच्या बोटांखाली दोन बटणं असतात. एक सक्शनचं, दुसरं हवा-पाण्याचं. पेशंटला ती दिसतही नाहीत, पण तपासणीभर बोटं त्यांच्यावरच खेळत असतात. यातल्या दुसऱ्या बटणाचा एक नवा व्हॉल्व्ह आमच्या टीमने बनवला आणि त्याच्या पेटंट अर्जाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी मेकॅनिकल इंजिनिअर, वकील नाही. या विषयावर मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जुना व्हॉल्व्ह कसा चालतो ते सांगायला हवं, कारण पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाशी झालेला सगळा वाद त्याच्याभोवतीच फिरतो. नेहमीच्या बटणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. पंप सतत हवा पाठवत असतो आणि बोट बाजूला असेल तर ती हवा त्या भोकातून बाहेर निघून जाते. भोकावर नुसतं बोट ठेवलं की हवेची वाट अडते, दाब वाढतो, आतलं एकाच दिशेने उघडणारं सील उघडतं आणि हवा नळीतून दुर्बिणीच्या टोकाकडे जाते. आतडं फुगतं, भिंती दिसू लागतात. बटण पूर्ण दाबलं की दट्ट्या खाली सरकतो, हवेची वाट बंद होते आणि पाण्याची उघडते. पाण्याच्या बाटलीत हवेचा दाब असतोच, त्यामुळे पाणी वर चढून टोकाच्या नोझलमधून कॅमेऱ्याच्या लेन्सवर आडवं फवारतं आणि लेन्स धुतली जाते.

साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरायचा झाला तर ते भोक अडचणीचं ठरतं. हा वायू शरीरात लवकर शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे तपासणीनंतर पोट फुगून दुखण्याचा त्रास कमी होतो. पण भोकातून तो सतत खोलीत गळत राहिला तर कसं चालेल? म्हणून त्यासाठी बिनभोकाचे, दोन टप्प्यांत दाबायचे व्हॉल्व्ह असतात. अर्धं दाबलं की वायू, पूर्ण दाबलं की पाणी, सोडलं की दोन्ही बंद.

आमचं काम इथून सुरू झालं. पाणी मारून झालं की लेन्सवर एखादा थेंब राहतो आणि चित्र वाकडं दिसतं. मग डॉक्टर पुन्हा अर्धं बटण दाबून वायूचा झोत देतात आणि थेंब उडवतात. बटण सोडल्यावर दट्ट्या परत वर येताना वायूच्या टप्प्यातून जातोच, पण इतक्या झटकन की थेंब हलत नाही. हा परतीचा झोत आपोआप पुरेसा लांबवता येईल का, हा आमचा प्रश्न होता.

उत्तर दोन भागांत मिळालं. दट्ट्यावर पाणी अडवायला आम्ही साधी ओ-रिंग (सीलची गोल कडी) ठेवली आणि वायू अडवायला सिलिकॉनची लवचीक लिप, म्हणजे दट्ट्याभोवती बाहेर आलेली ओठासारखी पाती. दट्ट्या खाली जाताना लिप वरच्या बाजूला कलते, वर येताना उलटून खालच्या बाजूला कलते. म्हणजे तिची कड नेहमी दट्ट्याच्या मागे राहते. ओ-रिंग अशी मागे राहत नाही. त्यामुळे परतीच्या वाटेवर पाणी लगेच बंद होतं आणि वायू थोडा उशिरा. नुसत्या एवढ्याने फारसा फरक पडला नसता. पण स्प्रिंगा दोन आहेत: ताठ स्प्रिंग फक्त दुसऱ्या टप्प्यात भिडते, पहिल्या टप्प्यात एकटी मऊ स्प्रिंग काम करते. लिप मागे राहण्याचं ते थोडंसं अंतर आम्ही नेमकं अशा जागी आणलं जिथे ताठ स्प्रिंग सुटलेली असते आणि दट्ट्या सावकाश वर येत असतो. अंतर तेवढंच, पण ते कापायला वेळ जास्त लागतो आणि त्या वेळात थेंब उडतो.

अर्ज करण्याआधी आम्ही स्वतः शोध घेतला. या क्षेत्रात नुसत्या शब्दांवर शोधू नये. कुणी याला व्हॉल्व्ह म्हणतं, कुणी बटण, कुणी वाहिनी बदलण्याचं साधन, आणि कित्येक महत्त्वाची कागदपत्रं जपानी आहेत. वर्गीकरणाच्या क्रमांकावरून शोधलं की ती सापडतात. एंडोस्कोपच्या व्हॉल्व्ह आणि स्विचच्या रचनांसाठी ए६१बी १/०००६८ आणि द्रव-वायूच्या नियंत्रणासाठी ए६१बी १/०१५ हे वर्ग आहेत. पण तिथेच थांबू नये. सरकत्या दट्ट्याचे सर्वसाधारण व्हॉल्व्ह एफ१६के ११/०७ मध्ये येतात, आणि आम्हाला सगळ्यात जड गेलेलं कागदपत्र वैद्यकीय वर्गात नव्हतंच.

पुढचा मार्ग ठरलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पहिला अर्ज, त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पीसीटीचा (पेटंट सहकार्य कराराचा) आंतरराष्ट्रीय अर्ज, मग शोध अहवाल आणि त्याच्यासोबत लेखी मत. पहिल्या तारखेपासून १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो आणि ३० महिन्यांपर्यंत (काही ठिकाणी ३१) देशोदेशीच्या कार्यालयांत जायचं असतं. अर्जात आपण नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या वाक्याला दावा म्हणतात. शोध अहवालात प्रत्येक जुन्या कागदपत्रासमोर एक अक्षर असतं. 'एक्स' म्हणजे हे एकटंच तुमचा दावा पाडायला पुरेसं आहे, 'वाय' म्हणजे दुसऱ्याशी जोडल्यावर पाडतं, 'ए' म्हणजे नुसती पार्श्वभूमी. आमच्या मुख्य दाव्यासमोर दोन 'वाय' होते. एकही 'एक्स' नव्हता, म्हणून मी हरखले होते. आमचे वकील मात्र म्हणाले, "मॅडम, खरी कुस्ती 'वाय'शीच असते."

अहवालातल्या पहिल्या हरकतीने मला विचारात पाडलं. आमच्या दाव्यात लिहिलं होतं की लिप एंडोस्कोपच्या सिलिंडरच्या भिंतीला टेकून कलते. परीक्षकाचा प्रश्न होता: सिलिंडर तुमच्या दाव्याचा भाग आहे की नाही? असेल तर तसं लिहा. नसेल तर जी वस्तू तुम्ही मागतच नाही, तिच्या मापावर तुमच्या वस्तूची ओळख कशी ठरवायची?

मला वाटलं, सिलिंडर दाव्यात घालून टाकू, विषय संपेल. वकिलांनी विचारलं, "तुम्ही विकणार काय? फक्त व्हॉल्व्ह ना? एकदा वापरून टाकायचा?"

"हो, सर."

"मग नक्कल करणाराही फक्त व्हॉल्व्हच विकेल. दाव्यात दुर्बीण घातलीत, तर त्याने दुर्बीण विकलेलीच नाही असं तो म्हणणार."

या एका गोष्टीवर आम्ही बराच काळ बसलो. शेवटी मार्ग व्हॉल्व्हमध्येच सापडला. ओ-रिंगचा बाहेरचा व्यास सिलिंडरच्या मापाशी जुळवलेलाच असतो. मग सिलिंडरचं नाव न घेता लिहिता येतं की लिपचा मोकळा व्यास ओ-रिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठा आहे. ओ-रिंग जिथे बसेल तिथे लिपला कलावंच लागेल. व्हॉल्व्हची ओळख व्हॉल्व्हच्याच मापांनी झाली आणि परीक्षकाने ती हरकत मागे घेतली.

शरीरात लेन्स धुण्याच्या पद्धतीवरचा एक दावा आम्ही युरोपात आणि भारतात सोडून दिला. माणसावर करायच्या उपचारांच्या आणि निदानाच्या पद्धतींना तिथे पेटंट नाही. भारताच्या कायद्यात त्यासाठी कलम ३(आय) आहे. अमेरिकेत असे दावे मिळू शकतात, पण ते डॉक्टरवर सहसा बजावता येत नाहीत. आम्हाला तसंही डॉक्टरांना अडवायचं नव्हतंच.

आता मुख्य हरकत. ती त्या दोन 'वाय' कागदपत्रांवरून होती, त्यांना डी१ आणि डी२ म्हणू. डी१ हा एंडोस्कोपचाच दोन टप्प्यांचा, दोन स्प्रिंगांचा व्हॉल्व्ह होता. डी२ हा कारखान्यातल्या दाबाच्या हवेचा व्हॉल्व्ह, त्यात दिशेप्रमाणे उलटणारी लिप. परीक्षकाचं म्हणणं सरळ होतं: डी१ मधल्या वायूच्या सीलच्या जागी डी२ ची लिप बसवा, तुमचा व्हॉल्व्ह तयार. या क्षेत्रातल्या जाणकाराला यात सुचायला अवघड काय आहे?

हे वाचून राग येतो. आपण ज्या गोष्टीवर इतकं राबलो ती कुणी दोन कागद शेजारी ठेवून दोन ओळींत निकालात काढली, असं वाटतं. पण परीक्षकाची बाजू मी नीट वाचली तेव्हा पटलं की त्याने त्याचं काम चोख केलं आहे. दोन्ही कागदपत्रं खरोखर जवळची होती. उत्तर द्यायचं तर तितकंच चोख द्यायला हवं होतं.

युरोपच्या पेटंट कार्यालयात यासाठी एक ठरलेली रीत आहे. सगळ्यात जवळचं जुनं कागदपत्र निवडायचं, त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय ते काढायचं, त्या फरकाने कोणती तांत्रिक अडचण सुटते ते मांडायचं, आणि मग विचारायचं: ही अडचण समोर असताना जाणकाराने हेच केलं असतं का? करू शकला असता का, एवढ्यावर भागत नाही. केलं असतं का, हे पाहायचं. जोडता तर काहीही येतं, पण ते जोडावं असं जुन्या कागदांतून त्याला कुठून सुचणार?

मी डी२ सबंध वाचून काढला, फक्त परीक्षकाने दाखवलेले परिच्छेद नाही. लिप उलटताना तिची कड मागे राहते हे त्या लेखकालाही ठाऊक होतं. पण त्याच्या दृष्टीने तो दोष होता, कारण त्याच्या व्हॉल्व्हला नेमक्या जागी बंद व्हायचं होतं. म्हणून त्याने लिप आखूड ठेवायला सांगितलं होतं. आमच्या बाजूने याहून बळकट काही मिळणं शक्य नव्हतं. डी२ वाचणारा जाणकार हे मागे राहणं कमी करायला शिकतो, आम्ही ते मुद्दाम वाढवतो.

दुसरा मुद्दा दोन भागांच्या मेळाचा. दोन ओळखीच्या गोष्टी शेजारी ठेवल्या आणि दोघी आपापलं काम करत राहिल्या, तर तो शोध होत नाही. एकीमुळे दुसरीचा परिणाम वाढला तर मात्र गोष्ट वेगळी. आम्ही नुसत्या दोन स्प्रिंगांचा, नुसत्या लिपचा आणि दोन्ही असलेला असे व्हॉल्व्ह चाचणीला लावले. नोझलपाशी दाब मोजला आणि लेन्सचं चित्रण केलं. पहिल्या दोन प्रकारांत झोत क्षणात तुटायचा, थेंब जागचा हलायचा नाही. तिसऱ्यात तो निघून जायचा. दाब आणि वेळ यांचा हा आलेख उत्तरासोबत जोडला.

परीक्षकाशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा त्याने डी२ वर फारसा वेळ घालवला नाही. त्याचा प्रश्न एकच होता: ताठ स्प्रिंग आधी सुटते आणि वायू नंतर बंद होतो, हा क्रम मूळ अर्जात कुठे आहे? मूळ अर्जात नसलेलं काहीही दाव्यात नंतर घालता येत नाही, हा नियम युरोपात फार कडक आहे. शोध कितीही चांगला असो, त्याचं मर्म पहिल्या दिवशीच्या कागदात उतरलेलं नसेल तर ते वाचवता येत नाही. आमच्या मसुद्यात वकिलांच्या आग्रहाने दट्ट्याच्या प्रवासातल्या प्रत्येक जागेचं कोष्टक होतं. पूर्ण दाबलेला, पाणी नुकतंच बंद झालेला, ताठ स्प्रिंग सुटलेला, वायू बंद झालेला. शेजारी तितक्याच आकृत्या. लिहिताना मला तो पाल्हाळ वाटला होता. मी कोष्टकाचा परिच्छेद आणि आकृत्यांचे क्रमांक सांगितले, परीक्षकाने ते उघडून पाहिले आणि दाव्यात 'विलंबाने बंद होते' या मोघम शब्दांऐवजी तो क्रम लिहायला सांगितला. तशी दुरुस्ती करून दिली आणि त्यावर पेटंट मंजूर झालं.

मंजूर दावा पहिल्यापेक्षा अरुंद आहे. आधी आम्ही मागे राहणाऱ्या कोणत्याही सीलवर हक्क मागितला होता. आता तो लिपवर, तिच्या व्यासावर आणि स्प्रिंग सुटण्याच्या क्रमावर आहे. मला तो जास्त आवडतो. आमचा व्हॉल्व्ह का चालतो ते तो वाचल्यावर कळतं.

लिप आणि दट्ट्या एकाच साच्यात ओतण्याच्या पद्धतीचे दावे परीक्षकाने वेगळा शोध ठरवून बाजूला काढले होते. मूळ अर्ज प्रलंबित असतानाच त्यांचा विभाजित अर्ज करावा लागतो, तो आम्ही वेळेत केला. त्यावरचा पहिला अहवाल आलेला आहे: कडक प्लास्टिकवर मऊ सिलिकॉन ओतणं जुनंच आहे. ते जुनं आहेच. आमचं म्हणणं साच्याच्या दोन भागांच्या सांध्याबद्दल आहे. तो सांधा लिपच्या कडेवर आला तर तिथे सिलिकॉनची बारीक झालर राहते, लिप एका बाजूने आधी आणि दुसऱ्या बाजूने नंतर उलटते आणि झोत तुटक येतो. म्हणून आम्ही तो कडेवरून हलवून लिपच्या मुळाशी नेला आहे. उत्तराचा मसुदा लिहून झाला आहे, सांध्याच्या दोन्ही जागांचे व्हॉल्व्ह आता चाचणीवर आहेत.