आमची वाटचाल : गळकी इंजिनं आणि काकूंची फरशी

टू-व्हीलरचं गॅरेज सुरू केलं २०११ ला, कोल्हापुरात उद्यमनगरात, दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेऊन. मी आणि मावसभाऊ, दोघंच. त्याआधी चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली होतो, तिथं पान्हे पुसायचे नि चहा आणायचा हेच जास्त. उद्यमनगर का तर ड्रेन बोल्टचे (इंजिनाच्या खालचा, ऑईल काढायचा बोल्ट) आटे गेले तर लेथवाला समोर, ऑईल सील पाहिजे तर गल्लीच्या टोकाला. बाकी काय डोकं लावलं नव्हतं.

घरी जाऊन काम करायचं हे पण ठरवून झालेलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, गाड्या पार्किंगमधेच बुडाल्या आणि पाणी ओसरल्यावर फोन थांबेनात. आम्ही एकच सांगायचो, दादा किक मारू नका, बटन पण दाबू नका, आम्ही येतो. ड्रेन बोल्ट काढला की ऑईल चहासारखं पांढुरकं यायचं, पाणी मिसळलेलं, मग एकेका गाडीला दोन-दोन तीन-तीनदा ऑईल भरायचं, थोडं इंजिन फिरवायचं, परत काढायचं. गाडी आणायला टेंपो मिळत नव्हता म्हणून पेटी घेऊन आम्हीच दारोदार.

त्यातच शाहूपुरीत एका काकूंच्या दारात काढलेल्या ऑईलचा डबा माझ्याच पायानं कलंडला. शहाबादी फरशी. मी घाईघाईत दोन बादल्या पाणी मारलं, तर ऑईल पाण्यावर तरंगत थेट तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेलं. वर शहाणपणा करून संडास धुवायचं ॲसिड टाकलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, फसफसली, पांढरा खरखरीत चट्टा पडला आणि ऑईलचा डाग तसाच. काकूंनी पैसे दिले नाहीत, बरोबरच केलं.

तिथनं डाग काढायचं शिकलो. सांडल्या सांडल्या पाणी अजिबात नाही. वखारीतनं भुशाचं पोतं आणून ठेवलेलंच असतं, आधी कडेनं भुशाचा बांध घालायचा म्हणजे पसरत नाही, मग मधे टाकून पायानं रगडायचं, अर्ध्या तासानं झाडून पिशवीत भरायचं, परत एकदा तेच. मग कपड्याची पावडर नि ब्रश. डाग जुना मुरलेला असला तर मुलतानी मातीत भांड्याचं लिक्विड घालून घट्ट कालवायची, जाड थर लिंपायचा, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी प्लास्टिक काढून वाळू द्यायचं, वाळताना माती तेल ओढून घेते. एकदात जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. आणि पूर्ण जाईल अशी गॅरंटी आम्ही देत नाही, देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गंमत म्हणजे लोक इंजिनासाठी नाही, डागासाठी फोन करतात. सोसायटीचे चेअरमन बोलले, वैनी चिडल्या, मग गाडी आठवते. महिन्याला दोन थेंब पडायचे तोवर कुणाला काय पडलेली नसते.

तर गळती. नव्वद टक्के लोक आल्या आल्या सांगतात, पॅकिंग (इंजिनाच्या जोडात ऑईल अडवायला बसवतात ते) गेलंय बदला. अहो थांबा की जरा. ऑईल वरनं गळतं आणि खाली थेंब पडतो, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पण सरकतं. त्यामुळं थेंब पडतो ती जागा आणि गळते ती जागा वेगळी. आम्ही थंड इंजिन आधी डिझेलनं धुतो, कोरडं करतो, मग सरळ टाल्कम पावडर मारतो. (पोराची पावडर मीच नेतो म्हणून घरी शिव्या खातो.) दहा मिनिटं इंजिन चालवलं की जिथनं पाझरतं तिथं पावडरीवर ओली रेघ उमटते. बऱ्याचदा निघतं काय तर ड्रेन बोल्टचा जुना चेपलेला वायसर, वीस रुपयांचं पण काम नाही. नाहीतर गिअर लिव्हरचं सील.

एका बुलेटचं पॅकिंग आम्ही दोनदा बदललं, तरी गळतीच. तिसऱ्यांदा बघितलं तर ब्रीदर पाईप दुमडलेला. आतली हवा बाहेर पडेना म्हणून प्रेशर होऊन ऑईल मिळेल त्या सीलमधनं बाहेर. दोन पॅकिंगचे पैसे परत दिले, मावसभाऊ आठवडाभर बोलत नव्हता. शंभर सीसीच्या गाडीत लिटरच्या आतच ऑईल बसतं, लोक प्रेमानं सव्वा लिटर ओततात, त्याचं पण हेच होतं. पॅकिंगला लावायचं सिलिकॉन तर काहीजण लोण्यासारखं फासतात, जास्तीचं आत सुटून ऑईलच्या बारीक वाटा बंद करतं. गळती थांबते, इंजिन जाम होतं.

आता चौघंजण आहोत, दोन बाहेर फिरतात. काढलेलं ऑईल गटारात नाही जात, बॅरल भरलं की परवाना असलेला माणूस घेऊन जातो. सेंट्रिंगवाले मागायला येतात प्लेटांना लावायला, आधी द्यायचो, आता नाही देत.

गेल्या दिवाळीत त्याच शाहूपुरीच्या काकूंचा फोन आला, भाडेकरूची स्कूटर गळतेय म्हणून. मी स्वतः गेलो, भुसा घेऊन. सील बदललं, पैसे दिले त्यांनी, वर चकल्या पण दिल्या. पांढरा चट्टा अजून तिथंच आहे, त्यावर त्यांनी मोगऱ्याची कुंडी ठेवलीय.