चेफ : घासण्याच्या आधी तापणं (शब्दांच्या वहीतलं अपडेट)

मंडळी, वहीत सध्या 'चेफ' (chafe) हा इंग्रजी शब्द चालू आहे, म्हणजे घासून सोलवटणं आणि मनातून चिडणंही. 'सेफ'शी यमक जुळतं तो उच्चार. चाफ म्हणजे भुसा, कोंडा, तो वेगळाच, आणि चेफर नावाचा भुंगा असतो त्याचंही याच्याशी काही नातं नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण डिक्शनरीत हे सगळे एकमेकांना चिकटून बसलेले असतात.

आपल्याला सहसा वाटतं की आधी कातडी घासून सोलवटणं आणि मग त्यावरून मनाची चिडचिड असा प्रवास झाला असणार. पण झालंय उलटं! मूळ लॅटिन कालेफाकेरे, म्हणजे गरम करणं, तिथून जुन्या फ्रेंचमधून हा 14व्या शतकाच्या आसपास इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता ऊब देणं, तापवणं, आणि डोकं तापणं हा अर्थसुद्धा त्याच शतकात मिळतो. मग गार पडलेले हात चोळून गरम करणं, आणि चोळता चोळता कातडी हुळहुळणं हा अर्थ 16व्या शतकातला. म्हणजे राग जुना आणि जखम नवी. मला तर हे कळल्यावर सगळी नोंद नव्याने लिहाविशी वाटली.

त्या उबेच्या खुणा अजून आहेत. जेवण गरम ठेवायची चेफिंग डिश ही त्यातलीच. इंग्लंडमध्ये सरकारी कागदांवर शिक्का मारायला मेण तापवून देणारा एक अधिकारी असायचा, त्याला चेफवॅक्स म्हणायचे, ते पद 1852 मध्ये बंद झालं. आणि शोफर! तोही याच घरातला, फ्रेंचमध्ये आधी वाफेच्या इंजिनात कोळसा घालणारा, नंतर गाडी चालवणारा.

आता वापराचं, कारण खरी मजा तिथेच आहे. नुसतं 'चिडणे' असं लिहून ठेवलं तर चुकीच्या जागी वापरला जातो. कुणी शिवी दिली आणि भडका उडाला, तिथे हा शब्द बसत नाही. आज जो चेफ होतो तो बहुतेक वेळा कशात तरी अडकलेला असतो, नियमात, कुणाच्या हाताखाली, वाट बघण्यात, आणि रोज थोडं थोडं घासलं जातंय म्हणून तो आतून धुमसतो. 'द टीम चेफ्ड अंडर द न्यू रूल्स' यात अंडर आहे कारण वरून दाब आहे. 'शी चेफ्ड अ‍ॅट द डिले' यात अ‍ॅट आहे कारण एका ठराविक गोष्टीचा वैताग आहे. अगेन्स्ट आलं की जरा धडपड दिसते, दोन्ही अर्थांनी, पट्टा खांद्यावर घासतो तेव्हाही तेच येतं. मराठीत 'काचणे' याच्या सगळ्यात जवळ आहे, दोरी काचते, चप्पल काचते आणि एखाद्याचं वागणंही मनाला काचतं. मी तरी वहीत तोच पहिला अर्थ म्हणून लिहिलाय.

धावणाऱ्यांमध्ये हा शब्द रोजचा आहे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, घाम आणि मीठ आणि घर्षण एकत्र आलं की चेफिंग. पण मला सगळ्यात आवडला तो शिडाच्या जहाजांवरचा वापर. शीड डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारेला घासून फाटू नये म्हणून जुन्या दोरखंडाचे तुकडे उसवून, ते धागे एका दोरीवर गाठी मारून ओवायचे आणि ती झिपरी झालर तारेभोवती गुंडाळायची, लांबून बघितलं तर तारेवर केसाळ सुरवंट बसल्यासारखं दिसतं, त्याचं नाव बॅगीरिंकल. अशा सगळ्या सामानाला मिळून चेफिंग गिअर म्हणतात. नायलॉनचा दोर नांगरावर ताणला जातो, सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, आणि बोटीच्या काठावर घासून चक्क तापतो. म्हणजे फिरून जुना अर्थच!

पुढे 'फ्रेट' घेतोय. तोही घासणं आणि काळजी दोन्हीवर चालतो पण त्याचं मूळ खाण्यात आहे, कुरतडण्यात, त्यामुळे 'फ्रेट' आणि 'चेफ' शेजारी ठेवून बघायचेत. मग 'गॉल', घोड्याच्या पाठीवर खोगिराने पडणारी जखम. आजकालच्या इंग्रजीत 'अमुक गोष्टीने मला चेफ केलं' अशा, म्हणजे माणूस कर्म असलेल्या रागाच्या अर्थाची उदाहरणं कुणाकडे असतील तर पाठवा, माझ्याकडे बहुतेक जुनीच आहेत.