किनाऱ्यालगतची मॅरेथॉन: सपाट रस्ता पाय कसा खातो

'सपाट आणि निसर्गरम्य' एवढे दोन शब्द वाचले की घाटावरचे धावपटू लगेच वेळेचं गणित मांडायला बसतात. सिंहगड रस्त्यावर नाहीतर यवतेश्वरच्या चढावर पाय कमावलेले असतात, तेव्हा किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं तर सहज सुटतील असं वाटतं. प्रत्यक्षात तिसाव्या किलोमीटरनंतर याच मंडळींच्या पोटऱ्यांत गोळे येतात. किनाऱ्यावरची मॅरेथॉन अवघडच असते असं नाही, पण तिचा त्रास वेगळ्या जागी लपलेला असतो आणि तयारी वेगळी लागते.

बोलायचंय ते गोव्याबद्दल. चिखलीला डिसेंबरमध्ये झुआरीकाठची गोवा रिव्हर मॅरेथॉन होते. तिथे जायचं असेल किंवा किनाऱ्याने आपले आपण 42 किलोमीटर करायचे असतील, तर सरावाला माझ्या मते दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचा रस्ता सर्वांत चांगला. माजोर्ड्याहून निघायचं, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी करत मोबोरच्या टोकाला पोचायचं. एका बाजूचं अंतर साधारण वीस किलोमीटर. जाताना समुद्र उजवीकडे असतो, पण रस्त्यावरून तो फारसा दिसत नाही, माडांच्या पलीकडे राहतो. डावीकडे भातशेती, घरं, चॅपलं, आणि केळशीपासून पुढे साळ नदी जवळ येते. मोबोरला ती समुद्राला मिळते, पलीकडच्या काठावर बेतूल. चढ असा नाहीच. टोकाला वळसा घेऊन परत आलात आणि माजोर्ड्यातच उरलेलं अंतर भरून काढलंत, की मॅरेथॉन झाली.

आता सपाटपणाचं. साडेचार तासांच्या मॅरेथॉनमध्ये मिनिटाला 165 पावलं धरली तर साधारण 44,500 पावलं पडतात. चढउताराच्या रस्त्यावर ही पावलं वाटली जातात. चढाला पोटरी आणि नितंब जास्त राबतात, उताराला मांडीचा पुढचा भाग, आणि एक राबत असताना दुसऱ्याला जरा उसंत मिळते. सपाटीवर तेच स्नायू, तोच कोन, तीच लांबी, हजारो वेळा. थकवा एकाच जागी साठतो. म्हणून शेवटच्या दीड-दोन महिन्यांतले निदान तीन लाँग रन, म्हणजे 24, 28 आणि 30-32 किलोमीटरच्या लांब सराव-धावा, पूर्ण सपाट रस्त्यावर करा. सगळ्यांत लांबचा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपलेला असावा. चढाचा सराव वाया जात नाही, त्याने ताकद येते. पण फक्त चढच केला असेल तर एकसुरी धावण्याची सवय पायांना लागलेली नसते.

शर्यतीतही हा एकसुरीपणा मुद्दाम मोडावा लागतो. दर पाच किलोमीटरला अर्धा मिनिट पावलं आखूड आणि जलद टाका, खांदे सोडा, हात खाली झटका. पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर 20-30 सेकंद चाला. सुरुवातीपासून चाला, पाय भरून आल्यावर नव्हे. त्यात जाणारी पाच-सहा मिनिटं शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये परत मिळतात.

दुसरी गोष्ट हवा. डिसेंबरमध्ये पहाटे गोव्यात तापमान 20-22 अंश असतं. आकडा बघून थंडी वाटते, पण त्याच वेळी आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या घरात असते. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीर थंड करत नाही, वाळलेला करतो. त्यामुळे त्याच वेगाला नाडी हळूहळू वर चढत जाते आणि धावणाऱ्याला वाटतं, आज तब्येतच बरी नाही. हवामानाच्या अॅपवर तापमानाऐवजी दवबिंदू बघा, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. तो 20 अंशांच्या आसपास असेल, तर कोरड्या हवेतल्या आपल्या वेगात मी तीन ते पाच टक्के सूट धरायला सांगेन.

हिशोब करून बघू. पुण्याच्या थंडीत 4 तास 15 मिनिटांची मॅरेथॉन ज्याची आहे, त्याचा वेग किलोमीटरला 6 मिनिटं 3 सेकंद. चार टक्के सूट दिली की तो 6:17 वर येतो आणि एकूण वेळ 4 तास 25 मिनिटांच्या आसपास. पहिले पाच किलोमीटर तर 6:25 नेच जावेत. अंधार असतो, गार वाटतं, पाय ताजे असतात, सोबतचे सुसाट सुटलेले असतात. इथेच 5:50 पडतात आणि त्याची वसुली बत्तिसाव्या किलोमीटरला होते.

घड्याळाचाही एक घोळ आहे. अधिकृत मोजलेला मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. तुम्ही काही त्या रेषेवर धावत नाही. शिवाय जीपीएस चुकतं, त्यामुळे शेवटी घड्याळात बहुतेकदा 42.4 ते 42.7 दिसतं. साडेचार तासांत संपवायचं असेल तर कागदावरचा वेग 6:24 येतो, पण घड्याळात 6:20 दिसत राहायला हवा. पेसरबरोबर, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वेगाने धावून इतरांना सोबत नेणाऱ्याबरोबर, नसाल तर रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर लॅपचं बटण हाताने दाबणं उत्तम.

उन्हापेक्षा वाऱ्याकडे लक्ष द्या. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, अगदी मंद. जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, पण त्याला सकाळचे दहा-अकरा वाजतात. मधला काळ, साधारण आठ ते दहा, सगळ्यांत वाईट. एक वारा पडलेला, दुसरा उठलेला नाही, सूर्य सातच्या सुमारास उगवून वर आलेला. माडाचं पानही हलत नाही. चारला सुरू झालेल्या मॅरेथॉनमध्ये साडेचार-पाच तासवाल्यांचे शेवटचे आठ-दहा किलोमीटर नेमके या वेळात पडतात. म्हणून आठ वाजायच्या आत डोक्यावर आणि मानेवर पाणी ओतायला सुरुवात करा. तहान लागायची वाट पाहू नका. टोपी भिजवून घाला. टी-शर्ट मात्र चिंब करू नका, पाणी मोज्यांत उतरतं आणि तळव्याला फोड येतात.

घाटावरून येणाऱ्यांना दोन दिवस आधी येऊन या हवेची सवय होत नाही, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. रजा नसेल तर शेवटचे दोन आठवडे तीन-चार धावा भर दुपारी, तासाभराच्या, हळू वेगाने करा. शरीर लवकर घाम सोडायला शिकतं आणि घामातलं मीठ कमी होतं.

पाण्याचं मोजमाप घरी करा. धावायच्या आधी आणि एका तासाच्या धावेनंतर अंग पुसून वजन करा. आधी 62.0 किलो, नंतर 61.2, मध्ये 300 मिली प्यायलात, तर तासाला 1.1 लिटर घाम गेला. हे मोजमाप दमट दिवशीच करायचं, पुण्याच्या जानेवारीतला आकडा इथे चालत नाही. गेलेलं सगळं भरून काढायचं नाही, तासाला 600-700 मिली पुरेसं आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते निर्जलीकरणापेक्षा धोक्याचं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ: अशी लक्षणं दिसली की पाणी थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा. सोबतचा माणूस बरळायला लागला तर त्याला बाटली देऊ नका, डॉक्टर गाठा.

मिठासाठी औषधाच्या दुकानातलं एक लिटरचं ओआरएसचं पाकीट सर्वांत भरवशाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात लिटरला 75 मिलिमोल, म्हणजे सुमारे 1,725 मिलिग्रॅम सोडियम असतं. ते पूर्ण एका लिटरमध्येच विरघळवा, अर्ध्या लिटरमध्ये दाट करू नका. कंबरेच्या पट्ट्यात 500 मिलीची बाटली ठेवून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या, बाकी थांब्यावरचं साधं पाणी. खोक्यातल्या फळांच्या चवीच्या गोड पेयांत साखर भरपूर आणि मीठ नावापुरतं असतं. ती ओआरएसची जागा घेत नाहीत.

ओआरएसमध्ये ग्लुकोज मात्र फक्त 13.5 ग्रॅम, तेव्हा इंधन वेगळं लागतं. तासाला 45 ग्रॅम कर्बोदकं धरा. जेल म्हणजे धावताना खायचं, पाकासारखं दाट गोड मिश्रण, छोट्या पुडीतलं. एका जेलमध्ये 22-25 ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन. पहिलं चाळिसाव्या मिनिटाला घ्या, भूक लागेपर्यंत थांबू नका. जेल साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं. ओआरएस किंवा गोड पेयाबरोबर घेतलं तर पोटात पाक होतो आणि मळमळतं. जेल महाग वाटत असतील तर मध्यम केळ्यातही 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात, फक्त सराव केळ्यांवरच केलेला असावा.

आदल्या दोन दिवसांचं जेवण हा गोव्यात मोहाचा विषय. वजनाच्या किलोमागे रोज आठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 480 ग्रॅम. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 78 असतात, तेव्हा भात आणि पाव यांवर हे जमतं. हुमण-भात (माशाची कढी आणि भात) खा, पण नारळ कमी आणि तळलेलं नको. तिसऱ्या, कालवं, खुबे शर्यत होईपर्यंत दूर ठेवा. शिंपल्यांतलं काही बाधलं तर शर्यत तिथेच संपते. पहाटेसाठी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आदल्या संध्याकाळीच पाव नाहीतर उंडे (गोल पाव) घेऊन ठेवा. सकाळी त्याची सायकल पों पों करत येते तेव्हा तुम्ही रस्त्यावर असणार. पोयी ही गोव्याची पोकळ रोटी चवीला कितीही छान असली तरी तिच्यात कोंडा असतो, शर्यतीच्या सकाळी ती नको. चारची सुरुवात असेल तर दीडला उठा, दोनच्या आत उकड्या तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज आणि दोन पाव जॅम लावून. झोप त्या रात्री होत नाहीच, ती त्याच्या आदल्या रात्री पूर्ण करून घ्या.

एका गोष्टीकडे फार कमी जण बघतात, ती म्हणजे रस्त्याची कड. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता असतो, जास्त पावसाच्या भागात हा उतार दोन-अडीच टक्के ठेवतात. डाव्या कडेने धावलं की डावा पाय सतत खाली पडतो, खुबा त्या बाजूला झुकतो आणि पंचवीस-तीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरीसारखी कळ येते. जाऊन-येऊनच्या मार्गावर हे आपोआप बरोबरीला येईल असं वाटतं, पण येतानाही डावीकडूनच आलात तर उतार पुन्हा डावीकडेच असतो. दिशा बदलते, झुकाव तोच. वाहतूक बंद असेल तर रस्त्याच्या मधोमध धावा. सरावात वाहनं समोरून दिसावीत म्हणून उजवी कड धरणं योग्य, पण लाँग रनमध्ये रस्ता मोकळा असेल तिथे मधल्या उंचवट्यावर या.

अंधारात गतिरोधक दिसत नाहीत, त्यांच्यावरचा पांढरा रंग उडालेला असतो. डोक्यावरचा दिवा खाली तीन-चार मीटरवर पडेल असा वळवा. कुत्री वाड्यावाड्यांवर असतात. धावत सुटलात तर ती मागे लागतात. चाला, हात खाली ठेवा, त्यांची हद्द संपली की पुन्हा धावा.

काखा, मांड्यांचा आतला भाग आणि कंबरेच्या पट्ट्याखाली व्हॅसलीन जाड लावा, पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी. दमट हवेत घाम वाळत नसल्याने कपडा ओलाच घासत राहतो आणि त्वचा सोलवटते. नवा टी-शर्ट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये तो याचसाठी.

संपल्यावर लगेच वाळूत बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, उरलेलं ओआरएस घोटघोट प्या, अर्ध्या तासात भात किंवा पेज खा. सोलकढी आता खुशाल घ्या. समुद्रात पाय बुडवायचे तर घोट्यापर्यंत, सोबत कुणी असताना. थकलेल्या पोटरीत लाटेच्या ओढीने गोळा आला की उभं राहणं कठीण. आणि बूट त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, आतली वाळू झटका, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा. खारट ओल राहिली तर तळव्याचा डिंक सुटतो.